सर्गेई विनोग्राद्स्की

सर्गेई निकोलायेविच विनोग्राद्स्की (१ सप्टेंबर, इ.स. १८५६:क्यीव, रशियन साम्राज्य - फेब्रुवारी, इ.स. १९५३:ब्री-कोंत-रोबेर, फ्रान्स) हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. रसायनसंश्लेषणाचा शोध आणि मृदा सूक्ष्मजीवशास्त्राची पायाभरणी यांसाठी ते ओळखले जातात. तेलाने प्रदूषित झालेल्या जमिनीच्या जैविक शुद्धीकरणालाही त्यांच्या संशोधनाचा आधार लाभला आहे.

प्रारंभिक जीवन

विनोग्राद्स्की यांचा जन्म एका सधन कुटुंबात झाला. क्यीव विद्यापीठात त्यांनी आधी कायद्याचा व नंतर निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे मन न रमल्याने ते सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकण्यासाठी गेले. इ.स. १८७७ मध्ये ते पुन्हा विज्ञानाकडे वळले आणि इ.स. १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठाचे पदवीधर झाले.

रसायनसंश्लेषणाचा शोध

इ.स. १८८५ पासून त्यांनी स्ट्रासबर्ग येथे आंतोन दे बारी यांच्या प्रयोगशाळेत बेग्गियाटोआ या गंधक-जिवाणूंचा अभ्यास केला. हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात, असे त्यांनी इ.स. १८८७ मध्ये दाखवले. पुढे झुरिच येथे त्यांनी नायट्रीकरणाचे दोन टप्पे उलगडले. अमोनियापासून नायट्राइट व नायट्राइटपासून नायट्रेट बनवणारे जिवाणू वेगवेगळे असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. सेंट पीटर्सबर्ग येथील प्रायोगिक वैद्यक संस्थेत असताना त्यांनी हवेतील नायट्रोजन स्थिर करणारा क्लॉस्ट्रिडियम पाश्चरिआनम हा जिवाणू शोधला.

स्थलांतर

निवृत्तीनंतर ते युक्रेनमधील आपल्या जमीनजुमल्यावर राहत असत. इ.स. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर त्यांना मालमत्ता सोडून देशाबाहेर पडावे लागले. काही काळ बेलग्रेड येथे अध्यापन केल्यावर, एमिल रू यांच्या निमंत्रणावरून इ.स. १९२२ मध्ये ते पाश्चर संस्थेत रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. ब्री-कोंत-रोबेर येथील प्रयोगशाळेत त्यांच्या संशोधनाचे दुसरे पर्व सुरू झाले.

मृदा सूक्ष्मजीवशास्त्र

समृद्ध पोषक माध्यमावर वाढवलेला जिवाणू जमिनीत तसाच वागेल असे नाही, असे विनोग्राद्स्की यांचे मत होते. त्यामुळे त्यांनी मातीचे थेट सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करण्यावर भर दिला. जमिनीतील जिवाणूंचे त्यांनी दोन गट मानले. पहिल्या गटातील स्थानिक जिवाणू ह्यूमसवर संथपणे जगतात, तर दुसऱ्या गटातील जिवाणू एरवी सुप्त राहून नवे अन्न मिळताच झपाट्याने वाढतात. इ.स. १९४९ मध्ये त्यांचे ५० वर्षांचे संशोधन ग्रंथरूपाने फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाले.

तेलप्रदूषणाशी संबंध

विनोग्राद्स्की आणि डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी विकसित केलेल्या संवर्धन पद्धतीत माध्यमात एकच विशिष्ट अन्न ठेवले जाते आणि ते वापरू शकणारे जिवाणूच वाढतात. खनिज क्षारांच्या द्रावणात कार्बनचा एकमेव स्रोत म्हणून तेल ठेवल्यास मातीतील तेलभक्षक जिवाणू वेगळे करता येतात. तेल सांडल्यावर जमिनीत हे जिवाणू वाढू लागतात. मात्र तेलात कार्बन भरपूर असला तरी नायट्रोजन व फॉस्फरस अत्यल्प असल्याने त्यांची वाढ खुंटते. म्हणून जमीन नांगरून हवा खेळती ठेवणे, ओलावा टिकवणे आणि खत देणे हे उपाय केले जातात. इ.स. १९८९ मधील एक्सॉन व्हाल्डेझ तेलगळतीनंतर अलास्काच्या किनाऱ्यावर खतांचा असा वापर झाला. भारतात टेरी या संस्थेने ऑइलझॅपर हे तेलभक्षक जिवाणूंचे मिश्रण विकसित केले आहे.

महाराष्ट्रात वसई-विरार परिसरातील अर्नाळा, राजोडी आदी किनाऱ्यांवर पावसाळ्यात डांबराचे गोळे वाहून येतात. अशा गोळ्यांमध्ये तेलाचे जड घटक उरलेले असतात व जिवाणूंना केवळ बाहेरचा पृष्ठभाग उपलब्ध होतो. त्यामुळे त्यांचे विघटन अतिशय मंद असते. ते वाळूत मिसळण्यापूर्वी गोळा करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

सन्मान

इ.स. १९३५ मध्ये त्यांना नेदरलँड्सच्या विज्ञान अकादमीचे लेवेनहूक पदक मिळाले. जिवाणूंचे थर दाखवणारा विनोग्राद्स्की स्तंभ त्यांच्याच नावाने ओळखला जातो.