सर गिल्बर्ट वॉकर

१८९९ च्या अवर्षणानंतर पावसाचे भाकीत आधी वर्तविता येईल का, हा प्रश्न सरकारला भेडसावू लागला. १९०४ साली वेधशाळा खात्याचे प्रमुख म्हणून आले ते केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर. हवामानशास्त्र त्यांना नवखेच! (बूमरँगचा नाद मात्र जुना.) हिंदी कारकुनांना हाताशी धरून त्यांनी जगभरच्या ठाण्यांच्या वायुदाबाचे सहसंबंध काढले. शेजारच्या ठाण्यांचा दाब बरोबरीने चढतो-उतरतो, यात नवल नाही. पण पॅसिफिकवर दाब वाढला की हजारो मैल दूर हिंदी महासागराकडे तो उतरतो! १९२४ साली त्यांनी याला दक्षिणी आंदोलन म्हटले. कारण मात्र सांगता आले नाही, भाकीतही भरवशाचे झाले नाही. १९५८ साली ते वारले. १९६९ साली ब्यर्कनेस यांनी हे आंदोलन पॅसिफिकच्या तापणाऱ्या पाण्याशी, एल निनोशी जोडले आणि तिथल्या वातचक्राला वॉकरांचे नाव दिले.