विश्लेषण : ‘डी अँड डी’च्या राक्षसांना आकड्यांत बसवणारे गॅरी गायगॅक्स कोण होते?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिलेल्यांना डेमोगॉर्गन आणि माइंड फ्लेअर ही नावे पाठ असतील. मालिकेने ती घेतली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातून. यात प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो, एक जण गोष्ट सांगतो आणि लढाईचा निकाल फासे देतात. या खेळाचे सहनिर्माते म्हणजे गॅरी गायगॅक्स.

विमा कंपनीतून खेळाकडे...

गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. स्वित्झर्लंडहून आलेले वडील व्हायोलिनवादक होते. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावी ते वाढले. शाळा अर्धवट सुटली. विमा कंपनीतील नोकरी १९७० मध्ये गेली आणि घरच्या तळघरात चपला-बूट दुरुस्त करून ते संसार चालवू लागले. युद्धखेळांचे वेड मात्र सुटले नाही. डेव्ह आर्नेसन यांच्यासोबत तयार केलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ जानेवारी १९७४ मध्ये आला. पहिली छपाई फक्त १,००० संचांची होती.

हे राक्षस आले कुठून?

बहुतेक राक्षस उसने होते. मेड्युसा आणि मिनोटॉर ग्रीक पुराणांतले, ऑर्क टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांतले. धातू खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि घुबडाच्या तोंडाचे अस्वल ‘आउलबेअर’ यांचे मूळ तर स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांत आहे. आपला राक्षसही या यादीत आहे. पण तो रामायणातून थेट गेला नाही. १९७४ च्या एका अमेरिकी भयमालिकेतून प्रेरणा घेतलेला हा राक्षस तिथे वाघाच्या तोंडाचा झाला आणि मंतरलेल्या बाणाने मरू लागला.

मग गायगॅक्स यांचे वेगळेपण काय?

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्यांनी ३५० हून अधिक राक्षस एकाच साच्यात बसवले. अंगात बळ किती, चिलखत किती भक्कम, एका घावात नुकसान किती, हे सारे आकड्यांत. त्यामुळे कुठल्याही गावातला मुलगा पुस्तक उघडून लगेच लढाई मांडू शकला. रस्ट मॉन्स्टरची गंमतही नियमातच आहे. तो जीव घेत नाही, महागडी तलवार आणि चिलखत गंजवून टाकतो. म्हणून बलाढ्य योद्धाही त्याला घाबरतो.

वाद कोणते झाले?

टॉल्किन यांच्या कलाकृतींचे हक्कधारक आक्षेप घेऊन आले, तेव्हा ‘हॉबिट’चे ‘हाफलिंग’ झाले. श्रेय आणि मानधनावरून आर्नेसन न्यायालयात गेले. १९८० च्या दशकात हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, अशी ओरड अमेरिकेत झाली. सर्वात मोठा घाव घरातूनच बसला. १९८५ मध्ये गायगॅक्स यांच्या हातून स्वतःच्याच ‘टीएसआर’ कंपनीचा ताबा गेला आणि पुढच्या वर्षी ते बाहेर पडले. त्यांनी रचलेले राक्षस कंपनीकडेच राहिले.

आज काय उरले?

४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातच, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मोबाइल गेममध्ये शत्रूच्या डोक्यावर दिसणारी हेल्थची पट्टी आणि खेळाडूची वाढत जाणारी लेव्हल, या पद्धतीचा मोठा भाग याच खेळातून आला आहे.