विश्लेषण : पालकांच्या हाती प्रश्नावली देणारे बर्नार्ड रिमलंड

बाळाला उचलून घ्यायला आई वाकली, की ते हात पुढे करायचे का? स्वतःबद्दल बोलताना 'मी'ऐवजी 'तू' म्हणायचे का? मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याची शंका आली, की पालकांना असे प्रश्न विचारले जातात. १९६४ मध्ये मात्र हे धाडसच होते. मुलाच्या स्थितीचा दोष तेव्हा आईवरच ठेवला जाई. तिची साक्ष कोण ग्राह्य धरणार? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड (१९२८-२००६) यांनी ती धरली.

घरातूनच सुरुवात

पीएचडीनंतर रिमलंड सॅन दिएगोत नौदलाच्या नोकरीत होते. चाचण्या आखणे हा त्यांचा पेशा. १९५६ मध्ये मुलगा मार्क जन्मला. तो सतत किंचाळे, कुशीत रमत नसे. डॉक्टरांना उलगडा होईना. अशाच मुलाचे वर्णन कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात वाचल्याचे पत्नी ग्लोरिया यांना आठवले. ते पुस्तक शोधल्यावर रिमलंड यांनी 'ऑटिझम' हा शब्द पहिल्यांदा वाचला. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळून तेव्हा पाच वर्षे झाली होती!

नोकरी सांभाळून त्यांनी मिळेल ते संशोधन वाचून काढले. आईच्या कोरडेपणामुळे मूल मिटते, या मताला पुरावा नाही. मूळ शरीरात, मेंदूत शोधायला हवे, असे त्यांनी 'इन्फन्टाइल ऑटिझम' या पुस्तकात मांडले. प्रस्तावना लिओ कॅनर यांची. याच कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करून ऑटिझमला ओळख दिली होती आणि पालकांच्या थंडपणाबद्दल लिहिलेही होते. त्यांनी पाठीशी उभे राहणे मोठेच होते.

शेवटची पाने

पुस्तकाच्या अखेरीस मुलाच्या वागण्याची प्रश्नावली होती. पालक ती भरून रिमलंड यांना टपालाने पाठवू लागले. दवाखान्यात अर्ध्या तासात जे दिसत नाही, ते घरात वर्षानुवर्षे दिसलेले असते, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. सुधारित प्रश्नावलीत कॅनर यांच्या वर्णनाशी जुळणाऱ्या उत्तराला अधिक गुण, न जुळणाऱ्याला वजा; बेरीज अधिक २० किंवा त्याहून जास्त आली तर ठळक लक्षणे. १९७१ मध्ये त्यांनी २,२१८ मुलांच्या प्रश्नावल्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. इतरांनी 'ऑटिस्टिक' ठरवलेल्या मुलांपैकी जेमतेम दहा टक्के या कसोटीला उतरली. एकाच नावाखाली किती वेगवेगळी मुले मोडतात, हे त्यातून दिसले.

मोजपट्टीची मर्यादा

पुढे रिमलंड यांनी पालकांची संघटना आणि संशोधन संस्था उभारली. 'रेन मॅन' चित्रपटाला सल्लाही दिला. पण जीवनसत्त्वे आणि पथ्य यांचा गुण येतो का, हेही ते पालकांनाच विचारू लागले. इथे गफलत होती. मूल कसे आहे, हे आई नेमके सांगू शकते. उपचार सुरू केल्यावर मात्र आशाही उत्तरे भरते. लसींमुळे ऑटिझम होतो, या दाव्यालाही त्यांनी बळ दिले. मोठ्या अभ्यासांत तो टिकलेला नाही.

आज १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी २० प्रश्नांची 'एम-चॅट' चाचणी वापरतात. तिचे गुण म्हणजे निदान नव्हे. पुढची तपासणी हवी, एवढाच त्यांचा अर्थ. भारतात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी 'इसा' ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी तर तज्ज्ञच भरतात. मुलाला पाहून, आणि पालकांना विचारून.