वास्तू जळाली, वारसा?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, कोल्हापुरातील त्यांच्याच नावाचे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली ती वास्तू. वास्तू पुन्हा बांधता येते; वारसा विटा-चुन्याने उभा राहत नाही.

१८९० साली कोल्हापुरात जन्मलेले केशवराव दारिद्र्यामुळे बालपणीच नाटक मंडळीत शिरले आणि देवलांच्या 'शारदे'ने गाजले. १९०८ साली, अठरावे वर्षही पुरे झाले नसता, त्यांनी हुबळीस 'ललितकलादर्श' स्थापिली. नामवंत झाल्यावरही सावंतवाडी मुलखातील रामकृष्णबुवा वझे यांच्यापुढे शिष्य म्हणून बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

गाण्यावर नाटक तरते, ही त्या काळची समजूत. केशवरावांनी देखावे, पोशाख आणि पडदे यांनाही गाण्याइतकेच मोल दिले. मराठी रंगभूमीवर मखमली पडदा आणल्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. मामा वरेरकरांचे हुंड्याविरुद्धचे 'हाच मुलाचा बाप' त्यांच्याच मंडळीने रंगभूमीवर आणले.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ते प्रतिस्पर्धी बालगंधर्वांसमवेत 'संयुक्त मानापमाना'त उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांतच, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांना नेले.

आमच्या जत्रांतील नाटकांतही गवई, रंगारी आणि शिंपी एकाच मांडवात राबतात. शाल-श्रीफळ मात्र गवयाच्याच वाट्याला येते. ही रीत मोडली, तर केशवरावांचे स्मारक आपल्याही देवळापुढे उभे राहील.