ॲक्सल मधोमध कापला आणि रेसिंग कार बनवली: लोटसवाल्या कॉलिन चॅपमनची गोष्ट

जुनी गाडी, दणके देणारं सस्पेन्शन आणि रिकामा खिसा. महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये कॉलिन चॅपमनची हीच गत होती. भाऊ सिव्हिल इंजिनिअरिंग शिकता शिकता सेकंडहँड गाड्या विकायचा. 1947 मध्ये पेट्रोलचा कोटा बंद झाला आणि धंदाच बसला. हातात उरली एक ऑस्टिन सेव्हन. तीच खोलून त्याने पहिली लोटस बनवली.

1952 मध्ये गर्लफ्रेंड हेझलकडून 25 पौंड घेऊन कंपनी काढली. पण खरा जुगाड मार्क सिक्समध्ये दिसतो. तेव्हाच्या स्वस्त फोर्ड गाड्यांत पुढची दोन्ही चाकं एकाच लोखंडी दांड्याला जोडलेली असायची. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलंडायचं. चॅपमनने तो दांडा मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे मध्यभागी बिजागरीसारखे बसवले. झालं! प्रत्येक चाक आपापलं हलायला लागलं. आयडिया मात्र त्याची नव्हती, लेस्ली बॅलमी हे आधीपासून करत होते. यात चाक वर-खाली होताना तिरकं व्हायचं. पण नुसती चासी जेमतेम 25 किलोची, त्यामुळे निभावून जायचं. शिवाय किट घेऊन घरी जोडली की टॅक्सही वाचायचा.

पुढे लोटसने फॉर्म्युला वनची 7 कन्स्ट्रक्टर्स टायटल जिंकली. पण 1970 मध्ये मोंझाला लोटस चालवताना योखेन रिंट गेला. हलक्या गाड्या मोडतात, ही टीका चॅपमनला कायम चिकटली. 1982 मध्ये, 54 व्या वर्षी हार्ट ॲटॅकने तो गेला.

मार्क सिक्सनंतरची लोटस सेव्हन आजही केटरहॅम नावाने मिळते. किटमध्येसुद्धा.