जंगलाचा हिशेब मांडणारे ब्रँडिस

ब्रह्मदेशातील पेगूच्या अरण्यात १८५६ मध्ये एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हत्तीवरून हिंडू लागला. त्याच्या हाती बांबूचे चार तुकडे असत. साग दिसला, की त्याच्या घेरानुसार ठरलेल्या तुकड्यावर तो चाकूने एक खाच पाडी. दिवसअखेर खाचा मोजल्या, की लहानमोठी किती झाडे उभी आहेत, याचा अंदाज येई. हिंदुस्थानातील शास्त्रीय वनव्यवस्थापनाचा पाया घालणारे हे गृहस्थ म्हणजे डिट्रिश ब्रँडिस.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी बॉन येथे झाला. तेथील विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८५२ च्या युद्धानंतर पेगू प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. जहाजबांधणीसाठी सागाला मोठी मागणी होती आणि बेसुमार तोडीने जंगले विरळ होत होती. लॉर्ड डलहौसी यांनी ब्रँडिस यांना तेथे नेमले. दुसऱ्या वर्गातील साग पहिल्या वर्गात येण्यास सुमारे २४ वर्षे लागतात, असा हिशेब त्यांनी मांडला. म्हणून पहिल्या वर्गातील झाडांपैकी वर्षाला चोविसाव्या हिश्श्याहून अधिक झाडे तोडू नयेत, असा दंडक त्यांनी घातला. व्याजावर भागवावे, मुद्दलाला हात लावू नये, असा हा साधा न्याय होता. घाईत असलेल्या लाकूड व्यापाऱ्यांना मात्र तो रुचला नाही.

१८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. रेल्वेच्या स्लीपरसाठी तेव्हा जंगले वेगाने तुटत होती. १८६५ चा पहिला वनकायदा आणि १८७८ मध्ये देहरादून येथे निघालेली वनशाळा ही त्यांच्याच कारकिर्दीतील कामे. परंतु एका बाबतीत त्यांना हार पत्करावी लागली. गावांना स्वतःची राखीव वने असावीत, असा त्यांचा आग्रह होता. १८७८ च्या कायद्याने मात्र सरकारी मालकीलाच झुकते माप दिले आणि गावकरी आपल्याच रानात परके ठरले.

१८८३ मध्ये ते निवृत्त झाले. दोनच वर्षांनी सागाच्या हिशेबावरूनच वाद पेटला. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ओंडके कमी दाखवल्याचा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना युद्धाचे निमित्त मिळाले. राज्य गेले आणि राजाचे उर्वरित आयुष्य रत्नागिरीत नजरकैदेत सरले.

हिंदी वृक्षांवरील आपला ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध करून पुढल्याच वर्षी, २८ मे १९०७ रोजी, ब्रँडिस यांनी बॉन येथे देह ठेवला. आज हवामानबदलाच्या चिंतेने अनेक कंपन्या आपल्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई म्हणून वृक्षलागवडीचे आकडे जाहीर करतात. लावलेल्यांपैकी जगली किती आणि त्या जमिनीवर हक्क कोणाचा, हे दोन प्रश्न त्या आकड्यांना विचारले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर मोजण्याची रीत ब्रँडिस यांनी घालून दिली. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्या हयातीत सरकारने ऐकले नाही.