नाव लपवणारे टिळक उघड बोलू लागले तेव्हा...

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशाने बायबल दिलं. वाचून मन ओढलं गेलं, पण उघड बोलायची हिंमत होईना; आधी नाव लपवूनच त्यांनी एका ख्रिस्ती पत्राशी पत्रव्यवहार केला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि आप्तस्वकीय तुटले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षं दुरावल्या. पुढे परतल्या, १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी मग आपली श्रद्धा अभंग-भजन-कीर्तनातून, अस्सल मराठी वळणात लोकांपुढे मांडली. १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला. ९ मे १९१९ ला ते गेले. मराठी चर्चमध्ये त्यांची पदं आजही गायली जातात, कवीच्या नावासकट.